तापमान बदललं की बेसूर होणारं वाद्य आणि ते जगभर पोहोचवणारा रॉबर्ट मोग

मंडळी, मैफिलीआधी तानपुरा जुळवावा लागतो हे आपल्याला ठाऊक आहे. हॉलमधला एसी वाढला की सूर हलतो आणि पुन्हा खुंट्या पिळाव्या लागतात. पण ज्या वाद्यात सूर काढणारी तारच नाही, नुसती वीज आहे, तेही गरम-थंड झालं की बेसूर होतं, हे माहीत होतं का? रॉबर्ट मोग यांच्या सिंथेसायझरची मोठी डोकेदुखी हीच होती.

आधी नावाचं बघू. स्पेलिंगमुळे अनेकजण त्यांना 'मूग' म्हणतात, पण त्यांचा स्वतःचा उच्चार होता 'मोग'. कोकणीत मोग म्हणजे प्रेम, तेव्हा लक्षात ठेवायला सोपं!

त्यांचा जन्म २३ मे १९३४ चा, न्यूयॉर्कमधला. आई पियानोच्या सरावाला बसवायची, पण मुलाचा जीव रमायचा इंजिनिअर वडिलांच्या वर्कशॉपमध्ये. १४ व्या वर्षी त्यांनी मासिकातला आराखडा पाहून थेरमिन बनवलं. हे वाद्य हात न लावता, हवेत हात हलवून वाजवतात. पुढे वडिलांसोबत त्यांनी थेरमिन विकायलाही सुरुवात केली. १९६१ मध्ये आणलेली, घरी जोडायची थेरमिनची किट्स सुमारे १,००० विकली गेली. कॉर्नेल विद्यापीठातली पीएचडी एकीकडे चालूच होती.

१९६३ मध्ये त्यांची ओळख संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्याशी झाली आणि पुढच्याच वर्षी दोघांनी सिंथेसायझरचा पहिला नमुना उभा केला. त्याचा आत्मा म्हणजे ऑसिलेटर, म्हणजेच विजेची लहर सतत वरखाली करून सूर तयार करणारं सर्किट. ऑसिलेटर काही नवा नव्हता. मोग यांनी केलं ते असं, की सुराची उंची व्होल्टेजच्या हाती दिली. १ व्होल्ट वाढवला की सूर बरोबर एक सप्तक वर!

ऐकायला सोपं, करायला अवघड. कारण प्रत्येक सप्तकाला कंपनं दुप्पट होतात. मध्य सप्तकातला सा २४० हर्ट्झचा असेल तर तार सा ४८० चा आणि त्यापुढचा ९६० चा. म्हणजे व्होल्टेज एकेकाने वाढणार, पण कंपनं मात्र दुपटीने. ही दुप्पट करायला मोग यांनी ट्रान्झिस्टरचा स्वभावच वापरला. त्याच्या बेसवरचा दाब साधारण १८ मिलिव्होल्ट वाढला, की त्यातून वाहणारा प्रवाह दुप्पट होतो. अडचण एकच: हाच ट्रान्झिस्टर तापमानालाही तितकाच हळवा. खोली थोडी तापली तरी सूर सरकायचा.

वेंडी कार्लोस यांनी १९६८ मध्ये बाखचं संगीत याच यंत्रावर वाजवून रेकॉर्ड केलं. वाद्यातून एका वेळी एकच सूर निघायचा, म्हणून टेपवर थरावर थर चढवावे लागले आणि मध्ये मध्ये यंत्र पुन्हा पुन्हा जुळवावं लागलं. या अल्बमला तीन ग्रॅमी मिळाले आणि पुढे त्याच्या १० लाखांहून जास्त प्रती खपल्या. १९६९ मध्ये मोग सिंथेसायझर अहमदाबादच्या एनआयडीतही येऊन पोहोचला!

पण धंद्याचं गणित मोग यांना जमलं नाही. कर्जात बुडालेली कंपनी १९७१ मध्ये हातातून गेली, १९७७ मध्ये तेही बाहेर पडले. इतरांच्या मालकीचं झालेलं स्वतःचं नाव वाद्यांवर पुन्हा लावता यायला २००२ साल उजाडलं. मधल्या काळात ते पुन्हा थेरमिन बनवत राहिले. २१ ऑगस्ट २००५ रोजी ब्रेन ट्यूमरने त्यांचं निधन झालं.

गंमत पुढेच आहे. १९८० च्या दशकात कधीही बेसूर न होणारी डिजिटल वाद्यं आली, तरी लोक १९७० च्या मिनीमोगकडे वळत राहिले. त्यातले तीन ऑसिलेटर कधीच तंतोतंत जुळत नाहीत आणि त्या बारीकशा फरकानेच आवाज भरीव होतो. दोन तानपुऱ्यांचं होतं तसंच. आज सॉफ्टवेअरमध्ये हा दोष मुद्दाम घातला जातो.

घरी ऑसिलेटर बनवणारे हौशी लोक आजही तोच खेळ खेळतात. सोल्डरिंग झालं की सर्किट आधी चांगलं तापू द्यायचं. मग १ व्होल्ट, २ व्होल्ट, ३ व्होल्ट देत ट्यूनरवर बघायचं आणि प्रत्येक वेळी कंपनं नेमकी दुप्पट होईपर्यंत छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने ट्रिमर फिरवत राहायचं. वरचं सप्तक जुळलं की खालचं बिघडतं, खालचं जुळलं की वरचं!

तुमच्या ओळखीत आहे का असं कोणी? त्यांना हा लेख नक्की पाठवा.