सत्य-असत्याला अंक देणारा गणिती

संगणकावर परवलीचा शब्द टाकला, की आत जाण्यास मुभा मिळते किंवा नाकारली जाते. त्या क्षणी यंत्राच्या पोटात एकच प्रश्न विचारला गेलेला असतो : हे खरे की खोटे? या प्रश्नाच्या उत्तराला संगणकशास्त्रात ‘बुलियन’ मूल्य म्हणतात. ज्यांच्यावरून हे नाव पडले, त्या जॉर्ज बूल यांच्या घरात विजेचा दिवाही नव्हता आणि विद्यार्थी म्हणून त्यांनी विद्यापीठाची पायरीही चढलेली नव्हती.

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन येथे झाला. वडील जोडे शिवण्याचा व्यवसाय करीत; पण त्यांचा जीव दुर्बिणी आणि भिंगांमध्ये अधिक रमे. परिणामी धंदा बसला आणि सोळाव्या वर्षीच जॉर्ज यांना डॉनकास्टर येथे सहायक शिक्षकाची नोकरी धरावी लागली. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. आईवडील आणि भावंडांचा भार त्यांच्याच शिरावर होता. लॅटिनचे प्राथमिक धडे एका पुस्तकविक्रेत्याने दिले. ग्रीक, फ्रेंच आणि जर्मन या भाषा त्यांनी स्वतःच आत्मसात केल्या. शाळेचे काम सांभाळून लाग्रांज आणि लाप्लास यांचे अवघड ग्रंथ त्यांनी गुरूविना वाचून काढले.

या एकाकी साधनेला लवकरच मान्यता मिळाली. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांच्या शोधनिबंधाला सुवर्णपदक दिले. १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे नव्यानेच सुरू झालेल्या क्वीन्स कॉलेजात गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

ॲरिस्टॉटलपासून दोन हजार वर्षे तर्कशास्त्र शब्दांच्या आधारे चालत आले होते. बूल यांनी ते बीजगणितात आणले. १८४७ मध्ये एक छोटे पुस्तक आणि १८५४ मध्ये ‘लॉज ऑफ थॉट’ हा ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. त्यातील मूळ कल्पना साधी आहे. एखाद्या कळपातून काळ्या गाई निवडल्या आणि त्यांतून पुन्हा काळ्या गाई निवडल्या, तर हाती तेवढ्याच गाई राहतात. म्हणजे या गणितात एखाद्या पदाला त्याच पदाने गुणले, तरी ते पद तेच राहते. अंकांमध्ये ही अट पाळणारे दोनच : शून्य आणि एक. बूल यांनी शून्याला असत्याचे आणि एकाला सत्याचे स्थान दिले.

१८५५ मध्ये मेरी एव्हरेस्ट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जगातील सर्वोच्च शिखराला ज्यांचे नाव दिले गेले, ते भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट हे मेरी यांचे काका. या दांपत्याला पाच मुली झाल्या. नोव्हेंबर १८६४ मध्ये बूल भर पावसात चालत कॉलेजात गेले, ओल्या कपड्यांनीच त्यांनी व्याख्यान दिले आणि तापाने अंथरुणाला खिळले. ८ डिसेंबर रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हा धाकटी एथेल अवघ्या काही महिन्यांची होती. पुढे एथेल कादंबरीकार, ॲलिसिया भूमितिज्ञ, तर लूसी रसायनशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आल्या.

बूल यांचे तर्कगणित दीर्घकाळ तत्त्वचिंतकांपुरतेच राहिले. १९३७ मध्ये अमेरिकेतील क्लॉड शॅनन या तरुण अभियंत्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की विजेच्या स्विचांची जोडणी नेमकी याच नियमांनी मांडता येते. त्यावर अंकीय संगणकाची उभारणी झाली. १९६० च्या ‘अल्गोल’ या भाषेत तर सत्य-असत्याच्या प्रकाराला बूल यांचेच नाव देण्यात आले.

यंत्राच्या अगदी जवळून चालणाऱ्या ‘सी’ या भाषेत मात्र तो प्रकार नव्हता. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी घडविलेल्या या भाषेत शून्य म्हणजे असत्य आणि शून्याखेरीज कोणताही अंक म्हणजे सत्य. दोन खरे, सातही खरे. पण दोघांची तुलना केली, तर ती दोन ‘सत्ये’ परस्परांशी जुळत नसत. यातून चुका होत. शिवाय ज्याने-त्याने खऱ्या-खोट्याच्या आपापल्या व्याख्या केल्यामुळे एकाची आज्ञावली दुसऱ्याच्या आज्ञावलीशी जोडताना घोळ होई. अखेर १९९९ च्या प्रमाणित आवृत्तीत सत्य-असत्यासाठी स्वतंत्र प्रकार आला. ‘बूल’, ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे शब्द पुरविणारी, मोजक्या ओळींची ‘एसटीडीबूल’ ही फाइलही आली. या प्रकारात दोन ठेवा की सात, त्याचा एकच होतो. दोनाचा वर्ग चार आणि साताचा एकोणपन्नास. बूल यांच्या कसोटीला ते उतरणारच नव्हते. १८५४ च्या त्या नियमाची बूज ‘सी’ भाषेने १४५ वर्षांनी राखली.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत त्या फाइलचीही गरज उरली नाही; ‘बूल’ हा त्या भाषेचा अंगभूत शब्द झाला. लिंकनमधील एका चांभाराचे आडनाव आज जगभरातील प्रोग्रामर रोज लिहितात. त्यामागे बहुतांशी स्वतःच शिकलेल्या एका मुलाची तपश्चर्या आहे.