हरेगावची परिषद आणि वेतनाचा हक्क

१६ डिसेंबर १९३९ रोजी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हरेगाव येथे महार व इतर कनिष्ठ वतनदारांची एक परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. नेवासा तालुक्याला लागून असलेल्या आजच्या श्रीरामपूर तालुक्यातील हे गाव. वतनी जमिनींवरील जुडी, म्हणजे त्या जमिनीबद्दल सरकारात भरावयाची रक्कम, सरकारने वाढविली होती आणि तिला विरोध करणे हे परिषदेचे निमित्त होते. वरवर पाहता हा करवाढीचा प्रश्न होता. वास्तविक त्यामागे अधिक खोल असा आर्थिक प्रश्न दडलेला होता. जो मनुष्य रात्रंदिवस सरकारचे आणि गावाचे काम करतो, त्याचे काम किती, त्या कामाचा मोबदला किती, तो कोणी द्यावयाचा आणि ते काम नाकारण्याची त्याला मुभा आहे किंवा नाही, हा तो प्रश्न होय. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेबांची थोरवी सर्वमान्य आहे. परंतु पेशाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक राहिलेल्या या पुरुषाने वेतनाचा हा प्रश्न जन्मभर हाती धरला होता, याची आठवण त्या मानाने क्वचित काढली जाते.

या प्रश्नाची ओळख त्यांना केवळ ग्रंथांतून झालेली नव्हती. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांनी १९१२ साली मुंबईस बी. ए. ची पदवी मिळविली. पुढे बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. त्यानुसार १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले. तेथे शिपाई त्यांच्या टेबलावर कागदपत्रे लांबून फेकीत. राहावयास जागा मिळेना. ज्या पारशी विश्रामगृहात त्यांनी आसरा घेतला होता, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. नोकरी सोडून मुंबईस परतण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

मुंबईत या उच्चविद्याविभूषित तरुणाने विद्यार्थ्यांच्या शिकवण्या धरल्या. शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसायही त्याने सुरू केला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे समजताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो व्यवसाय बंद पडला. सल्ल्याचा दर्जा काल होता तोच आज होता. बदलले होते ते केवळ सल्लागाराच्या जातीविषयीचे ज्ञान. अखेर १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये सिडनेहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. वेतन दरमहा ४५० रुपये ठरले. त्यासाठीसुद्धा मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनेहॅम यांची शिफारस उपयोगी पडली. पगार समान असूनही प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्यावरून कुरबूर झालीच. परळच्या चाळीतील संसार काटकसरीने चालवून त्यांनी पैसे साठविले आणि १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली.

गुणवत्तेला बाजारात आपोआप किंमत येते, या पाठ्यपुस्तकी सिद्धांताची मर्यादा त्यांनी अशी स्वानुभवाने जाणली होती. मुंबई विधिमंडळात गेल्यावर त्यांनी महार वतनाच्या प्रश्नास हात घातला, तो याच जाणिवेने. वतन हा शब्द ऐकावयास भारदस्त. प्रत्यक्षात महार वतनदाराने निरोप पोहोचवावेत, सारावसुलीच्या वेळी राबावे, येणाऱ्या-जाणाऱ्या अंमलदारांची व्यवस्था पाहावी, अशी ती चाकरी होती. तिला वेळेचे बंधन नव्हते. वतनदार स्वतः हजर नसला तर घरातील दुसऱ्या माणसाने ते काम करावे, अशी अपेक्षा असे. मोबदला म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांनी तुकडे झालेली इनाम जमीन, रयतेकडून धान्यरूपाने मिळणारे बलुते आणि सरकारकडून मिळालीच तर थोडी रोकड. बलुते हे गावकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून होते. महाराने मान वर केली की गावाने बलुते बंद करावे. ज्या वेतनाचा मालक आपल्या लहरीप्रमाणे धनी राहतो, ते वेतन न राहता लगाम होते, हे बाबासाहेबांनी नेमके ओळखले.

१९२८ च्या मार्चमध्ये त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. वतनदाराची कामे निश्चित करावीत, बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करून ती रक्कम साऱ्याबरोबर सरकारने वसूल करावी आणि ज्याला ही चाकरी नको असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवण्याची व चाकरीतून मुक्त होण्याची सवलत असावी, असा त्याचा गाभा होता. विधेयकाला इतके फाटे फोडण्यात आले की १९२९ साली त्यांनी ते मागे घेतले. तथापि प्रश्न सोडला नाही. दहा वर्षांनी हरेगावला ते आले होते ते त्याच लढ्याचे पुढचे पाऊल टाकण्यासाठी.

१९२८ सालीच मुंबईत कापड गिरण्यांचा दीर्घ संप झाला. कापडखात्यात मजुरी अधिक मिळे. तेथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात प्रवेश नसे. संपाच्या मागण्यांत या अन्यायाचाही समावेश व्हावा, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला आणि संपाच्या नेत्यांना तो मान्य करावा लागला. मजुरीचे दर वाढले तरी जेथे ते दर अधिक आहेत तेथे शिरकावच नसेल, तर त्या वाढीचा उपयोग काय?

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. मुंबई सरकारने आणलेल्या औद्योगिक कलह विधेयकाने संपावर कडक निर्बंध घालण्याचे योजिले, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी इतर कामगार पुढाऱ्यांसह त्यांनी एक दिवसाचा संप घडवून आणला. काम थांबविणे हा फार तर कराराचा भंग ठरेल, तो फौजदारी गुन्हा होऊ शकत नाही. इच्छेविरुद्ध काम करावयास लावणे ही गुलामगिरीच होय, अशी त्यांची मांडणी होती. वतनाविरुद्धचा त्यांचा युक्तिवाद आणि हा युक्तिवाद एकाच मुळातून आलेले आहेत, हे सहज ध्यानात येईल.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सभासद होते. युद्धकाळात कोळशाच्या टंचाईमुळे स्त्रियांना खाणीत जमिनीखाली काम करण्यास असलेली बंदी १९४३ साली उठविण्यात आली. त्या निर्णयावर टीका झाली आणि ती अस्थानी नव्हती. मात्र तेथे स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी देण्याचे तत्त्व त्यांच्या खात्याने स्वीकारले. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये किमान वेतनाचे विधेयक त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. ते १९४८ साली, जगजीवनराम मजूरमंत्री असताना, कायद्यात उतरले. याच खात्याच्या कक्षेत १९४५ साली सेवायोजन कार्यालयांची देशव्यापी व्यवस्था उभी राहू लागली. ज्याला नोकरीसाठी एका माजी गव्हर्नराच्या शिफारसपत्राची मदत घ्यावी लागली होती, त्याच्याच कारकीर्दीत नोंदणीच्या आधारे नोकरी शोधण्याचा मार्ग सामान्यांसाठी खुला व्हावा, हा योगायोग बोलका आहे.

राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली. ३९ व्या अनुच्छेदात समान कामाला समान वेतन आणि ४३ व्यात निर्वाहास पुरेसे वेतन ही उद्दिष्टे आली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा अमलात आला तो १ ऑगस्ट १९५९ रोजी. ज्यासाठी तीस वर्षे झगडले, ते फळ पाहण्यास ते उरले नव्हते.

वतने गेली, पण त्यांनी विचारलेले प्रश्न गेले नाहीत. भेंडे आणि सोनई येथील कारखान्यांची धुराडी पेटली की नेवासा तालुक्याच्या फडांत ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना फड सोडता येत नाही. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि त्यात बाईच्या श्रमाचा हिशेब वेगळा निघत नाही. दुखण्याने दिवस बुडाला तर खाडा पडतो. १९४८ चा किमान वेतन कायदा २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला असला, तरी फडात पहाटे मोळ्या बांधणाऱ्या बाईपर्यंत तिचे स्वतंत्र वेतन पोहोचले पाहिजे. सुशिक्षितांनीही स्वतःला निराळे समजण्याचे कारण नाही. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणारा पदव्युत्तर तरुण मोबदल्याची वाट पाहत बसतो आणि पुढच्या वर्षीची नेमणूक हुकेल या भीतीने विचारणा करावयास कचरतो, तेव्हा त्याची अवस्था बलुते बंद होईल म्हणून गप्प राहणाऱ्या वतनदाराहून फार वेगळी नसते.

काम किती, दाम किती, देणारा कोण आणि नाही म्हणता येते काय, हे चार प्रश्न नोकरी स्वीकारण्यापूर्वी विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. ते विचारण्याचे बळ एकट्यादुकट्याला नसते, म्हणून संघटना लागते आणि कायदा लागतो. हरेगावला जमलेल्या वतनदारांजवळ यांपैकी कायदा नव्हता. आज तो आहे. त्याची अंमलबजावणी मागण्यासाठी एकत्र येणे हे मात्र आजच्या वेतनदारांनाच करावे लागेल.