कर्णबधिरांचे शिक्षक ग्रॅहॅम बेल

मुलांनो, नंदुरबार जिल्ह्यातील कोरीट गावातला माणूस आज मोबाइल कानाला लावतो आणि मुंबईतल्या नातेवाइकांशी बोलतो. त्यात कोणाला नवल वाटत नाही. पण टेलिफोनचा शोध ज्यांनी लावला, त्यांच्या आईला नीट ऐकू येत नसे आणि त्यांच्या पत्नीला तर मुळीच ऐकू येत नव्हते. हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्या थोर संशोधकाचे नाव अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात झाला. त्यांचे वडील शुद्ध उच्चार शिकवत. बोलताना ओठ आणि जीभ कशी हलते, हे दाखवणारी एक लिपी त्यांनी तयार केली होती. आईची श्रवणशक्ती हळूहळू कमी होत गेली. इतर लोक तिच्याशी मोठ्याने बोलत. लहानगा बेल मात्र तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू आणि स्पष्ट बोले. आवाजाच्या कंपनांमुळे आईला त्याचे बोलणे समजे.

बेल यांचे दोन्ही भाऊ क्षयरोगाने वारले. म्हणून १८७० साली आईवडील त्यांना घेऊन कॅनडात गेले. पुढच्याच वर्षी बेल अमेरिकेतील बोस्टन शहरात कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांना धडे देऊ लागले. तेथे मेबल नावाची एक विद्यार्थिनी त्यांच्याकडे शिकायला आली. पाचव्या वर्षी आलेल्या तापाने तिचे ऐकणे गेले होते. समोरच्याच्या ओठांकडे पाहून ती त्याचे बोलणे ओळखत असे. १८७७ साली तिचे बेल यांच्याशी लग्न झाले.

बेल दिवसा शिकवत आणि रात्री प्रयोग करत. तारेतून माणसाचा आवाज पाठवायचा, हा त्यांचा ध्यास होता. १० मार्च १८७६ रोजी त्यांचे शब्द तारेतून दुसऱ्या खोलीत बसलेल्या वॉटसन या साहाय्यकाला स्पष्ट ऐकू आले. सहा वर्षांनी, १८८२ साली, मुंबईतही टेलिफोन केंद्र सुरू झाले.

पण एक अडचण होती. टेलिफोनच्या तारेजवळून तारायंत्राच्या तारा जात. त्यांतील विजेमुळे टेलिफोनमध्ये खरखर होई. १८८१ साली बेल यांनी त्यावर साधा उपाय शोधला. त्यांनी दोन तारा एकमेकींभोवती पिळून घेतल्या. बाहेरचा त्रास दोन्ही तारांना सारखाच होतो, म्हणून तो नाहीसा होतो. पीळ दिलेल्या अशा तारा आजही वापरतात.

शोधामुळे बेल यांना पैसा आणि कीर्ती मिळाली. फ्रान्स सरकारने १८८० साली त्यांना पन्नास हजार फ्रँकचे पारितोषिक दिले. त्यातून त्यांनी प्रयोगशाळा उभारली. पुढे कर्णबधिरांविषयीचे ज्ञान पसरवण्यासाठी एक संस्थाही काढली. अंध आणि बधिर असलेल्या हेलन केलर हिला योग्य शिक्षिका मिळावी, म्हणून तिच्या वडिलांना त्यांनीच मार्ग दाखवला. मात्र शाळांमध्ये खुणांची भाषा वापरू नये, असे त्यांचे मत होते. अनेक कर्णबधिरांना ते मान्य नव्हते. आज खुणांच्या भाषेलाही मान मिळाला आहे.

२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी अमेरिका आणि कॅनडातील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले.

टेलिफोनच्याच तत्त्वावर पुढे विजेवर चालणारी श्रवणयंत्रे तयार झाली. पण बेल यांच्या काळातील खरखर आजही पुन्हा ऐकू येते. मोबाइल रेडिओलहरी सोडतो. त्या लहरी श्रवणयंत्रातील बारीक तारा पकडतात आणि कानात घुर्र असा आवाज होतो. जुन्या टू-जी मोबाइलमुळे हा त्रास जास्त होतो. जेथे रेंज कमी असते, तेथे मोबाइल अधिक जोराने लहरी सोडतो. मग घुरघुरही वाढते.

मुलांनो, तुमच्या दादीला किंवा नानीला श्रवणयंत्र लागत असेल, तर त्यांना मदत करा. मोबाइल कानावर दाबून धरू नका, तो थोडा दूर धरायला सांगा. कानामागच्या यंत्राचा मायक्रोफोन वरच्या बाजूला असतो. म्हणून मोबाइल किंचित वर सरकवून पाहा. स्पीकर चालू केला, तर मोबाइल कानापासून दूर राहतो. काही यंत्रांत टेलिफोनसाठी 'टी' ही वेगळी सोय असते. ती कशी वापरायची, हे यंत्र देणाऱ्या तज्ज्ञांना विचारा. नवा मोबाइल घेताना श्रवणयंत्र लावूनच दुकानात बोलून पाहायला सांगा.

आपल्या राज्यातही या कामासाठी मोठी संस्था आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. महाराष्ट्राचे राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे.

बेल यांना सारे जग टेलिफोनचे जनक म्हणून ओळखते. ते स्वतः मात्र आपण कर्णबधिरांचे शिक्षक आहोत, असेच मानत. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांच्याशी बोलताना कंटाळू नका. त्यांच्यासमोर बसा, हळू आणि स्पष्ट बोला. लहानपणी बेल यांनीही आपल्या आईसाठी हेच केले होते.