ॲप आधी लोकलवर का चालवायचं? अलिबागच्या नानाभाई मूस यांची गोष्ट

काशीदच्या बीचवर फोनमधलं कंपास ॲप कधी उघडलंय? गाडीला टेकून उभे राहिलात तर सुई भरकटते. जरा लांब, मोकळ्या वाळूत गेलात की बऱ्यापैकी ताळ्यावर येते. फोनमधला मॅग्नेटोमीटर पृथ्वीचं चुंबकत्व मोजतो आणि गाडीचं लोखंड त्यात लुडबूड करतं. काशीदपासून साधारण ३० किलोमीटरवर, अलिबागला, हीच लुडबूड टाळण्यासाठी १९०४ मध्ये एक अख्खी वेधशाळा सुरू झाली. ती उभी करणारे होते नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस.

फुल-स्टॅक ॲप आधी आपल्या लॅपटॉपवर का चालवायचं, हे समजायला त्यांचं आयुष्य फार उपयोगी पडतं.

कोण होते मूस?

मूस यांचा जन्म १८५९ मध्ये मुंबईतल्या पारशी कुटुंबात झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर धडकलं आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्याची नोंद झाली. १८९६ मध्ये मूस याच वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या हाती आली ती १८४६ पासून नियमित चालत आलेली चुंबकीय नोंदींची मालिका. आजच्या भाषेत सांगायचं तर पन्नास वर्षांचा डेटाबेस!

ट्राम आली, पंचाईत झाली

मुंबईत तेव्हा ट्राम घोडे ओढायचे. मग विजेच्या ट्रामची योजना आली. अशा ट्रामचा करंट रुळांतून परत जातो, थोडा जमिनीतही झिरपतो आणि आजूबाजूला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. वेधशाळेची नाजूक उपकरणं पृथ्वीचं मोजतायत की ट्रामचं, हेच कळेनासं झालं असतं. शहराला ट्राम हवी होती आणि ते चूकही नव्हतं. म्हणजे हलायचं होतं ते वेधशाळेलाच.

लोखंडाला प्रवेश बंद

खाडीपलीकडचं अलिबाग ट्रामपासून दूर, तरी मुंबईहून ये-जा करण्याजोगं होतं. इमारतीसाठी पोरबंदरचा दगड वापरला, तोही चुंबकीय नसल्याची खात्री करून. बिजागऱ्या, कड्यांसाठी तांबं-पितळ. लोखंडाचा खिळासुद्धा नको!

डेव्हलपर याला स्वच्छ एन्व्हायर्नमेंट म्हणतात. प्रोजेक्टला नोडची किंवा पायथनची जी आवृत्ती हवी तीच वापरा, लायब्ररी त्या प्रोजेक्टपुरत्या ठेवा, पासवर्ड कोडमध्ये न लिहिता वेगळ्या एन्व्ही फाइलमध्ये ठेवा. बाहेरचं काही मिसळलं की चूक तुमच्या कोडची की मशीनची, हे शोधताना रात्र जाते.

दोन वर्षं दोन्हीकडे

मूस यांचं सगळ्यात शहाणं काम इथे आहे. अलिबाग सुरू झालं म्हणून त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. जागा बदलल्यावर आकड्यांत किती फरक पडतो हे त्यामुळे कळलं आणि जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता आली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये, म्हणजे सगळी तयारी झाल्यावर.

एक लक्षात घ्या. कोड बिघडला तर पुन्हा लिहिता येतो. पण न मोजलेला तास परत मोजता येत नाही, तसाच उडालेला डेटाही बॅकअप नसेल तर परत येत नाही. म्हणून लोकलवर प्रयोग करताना डेटाबेस वेगळा ठेवायचा. युजरच्या खऱ्या डेटाला हात लावायचा नाही.

तुमच्या लॅपटॉपवर

आता आपलं ॲप. त्याचे तीन भाग: डोळ्यांना दिसणारा फ्रंटएंड, मागे काम करणारा बॅकएंड आणि डेटाबेस. चालू करताना क्रम उलटा ठेवा:

१. आधी डेटाबेस सुरू करा. पोस्टग्रेस असेल तर तो सहसा ५४३२ पोर्टवर असतो.
२. मग बॅकएंड, समजा ८००० वर. टर्मिनलमध्ये एरर नाही ना, ते बघा.
३. शेवटी फ्रंटएंड, समजा ३००० वर. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पुढे कोलन आणि ३००० टाका.

फोनवर बघायचंय? तिथे लोकलहोस्ट टाकून चालणार नाही, कारण फोनसाठी लोकलहोस्ट म्हणजे फोन स्वतः! दोन्ही एकाच वायफायवर ठेवा, सर्व्हर ०.०.०.० वर चालवा आणि फोनमध्ये लॅपटॉपचा आयपी व पोर्ट टाका. फ्रंटएंडमध्ये बॅकएंडचा पत्ता लोकलहोस्ट असा लिहिला असेल, तर तिथेही आयपी घाला.

मूस यांनी मागे काय ठेवलं?

१९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी दोन खंडांत मांडल्या. चुंबकीय वादळं सुरू झाल्यापासून तासातासाला कशी बदलतात, हे त्यांनी त्यातून दाखवलं. १९३६ मध्ये ते गेले. १८५९ चं ते वादळ नेमकं किती मोठं होतं याचा हिशेब संशोधकांनी २००३ मध्ये मांडला, तोही कुलाब्याच्याच नोंदींवरून. अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते आणि मोजणी अजून सुरू आहे.

तेव्हा पुढचं ॲप थेट सर्व्हरवर चढवायची घाई करू नका. जुनं चालू ठेवा, नवं शेजारी चालवा, आकडे जुळवा. मगच जुन्याचं बटण बंद करा.