वसंताच्या तारखा

मुलांनो, हिवाळा संपला हे आपल्याला सहज कळते. स्वेटर आणि रजया घडी करून पेटीत जातात, आंब्याचा मोहर दिसू लागतो. पण अमेरिकेच्या ईशान्य भागातील काँकर्ड या गावी हिवाळा फार कडक असतो. महिनोन्‌महिने घरांची छपरे, रस्ते, शेते पांढरीशुभ्र दिसतात. तळी इतकी गोठतात, की माणसे त्यांवरून चालत जातात. अशा ठिकाणी वसंत ऋतू, म्हणजे तुमच्या भाषेतील बहार, येत आहे हे कशावरून ओळखायचे? सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्या गावात एक माणूस ही चाहूल घेण्यासाठी रोज घराबाहेर पडत असे. त्यांचे नाव हेन्री डेव्हिड थोरो.

थोरो यांचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी काँकर्डमध्येच झाला. त्यांच्या वडिलांचा पेन्सिली तयार करण्याचा व्यवसाय होता. १८३७ मध्ये थोरो हार्वर्डचे पदवीधर झाले. काही काळ त्यांनी शाळेत शिकवले, पुढे ते मोजणीदार झाले आणि लोकांच्या जमिनी मोजून पोट भरू लागले. गुलामगिरी चालू देणाऱ्या सरकारला कर देणार नाही, असे म्हणून १८४६ मध्ये ते एक रात्र तुरुंगातही राहिले. त्या विषयावरचा त्यांचा निबंध पुढे महात्मा गांधींनी वाचला होता, म्हणून त्यांचे नाव आपल्याकडे ओळखीचे आहे. पण येथे तुम्हांला सांगायचे आहे ते त्यांच्या दुसऱ्याच कामाविषयी.

४ जुलै १८४५ रोजी थोरो वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेले. तेथे ते दोन वर्षे दोन महिने राहिले. हिवाळ्याच्या अखेरीस ते तळ्याकडे कान लावून असत. सकाळचे ऊन पडले, की गोठलेले तळे तापू लागे आणि त्यातून गडगडाटासारखा आवाज निघे. बर्फ आधी उथळ भागात पातळ होई. मग एके दिवशी तळे पूर्ण मोकळे होई. ती तारीख थोरो लिहून ठेवत. १८४५ मध्ये १ एप्रिल, १८४६ मध्ये २५ मार्च, १८४७ मध्ये ८ एप्रिल. त्या काळी बोस्टनहून जहाजांत भरून बर्फ कलकत्ता आणि मुंबईपर्यंत विकायला येत असे, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. १८४६-४७ च्या हिवाळ्यात मजुरांनी वॉल्डनचाही पुष्कळ बर्फ कापला. बर्फ कापून नेला, की तळे लवकर मोकळे होते, असा अनुभव होता. पण वॉल्डनवर लगेच नवा जाड थर धरला आणि त्या वर्षी उलट उशीरच झाला. कागदावर तारीख नसती, तर ही गोष्ट कोणाच्या लक्षात राहिली असती?

झोपडी सोडून गावात परतल्यावर त्यांचे हे वेड वाढतच गेले. सुमारे १८५१ पासून ते प्रत्येक झाडाला पहिले फूल कधी आले, पहिले पान कधी फुटले, हे टिपू लागले. बरोबर वही असे, पेन्सिल तर घरचीच. टोपीच्या आत त्यांनी एक कप्पा केला होता. त्यात ते रोपे ठेवत. एखादे फूल नेमके कोणत्या दिवशी उमलते हे पाहण्यासाठी सात-आठ किलोमीटर दूरच्या झाडाकडे ते पंधरा दिवसांत पाच-सहा वेळा जात. कित्येकदा एका दिवसात ३० ते ४५ किलोमीटर चालणे होई. हार्वर्डला शिकलेला माणूस रानात वेळ वाया घालवतो, असे गावातील अनेकांना वाटे.

थोरोंनी पाहिलेली एक वनस्पती फार गमतीची आहे. तिचे नाव स्कंक कॅबेज. ती दलदलीत उगवते आणि तिला दुर्गंध येतो. तिच्या फुलोऱ्यात उष्णता निर्माण होते, त्यामुळे भोवतीचा बर्फ वितळतो आणि ती सर्वांच्या आधी वर येते. पुढच्या वसंतातील तिचे टोकदार कोंब थोरोंना हिवाळ्यापूर्वीच चिखलात दिसले होते. आकाशात ब्लूबर्ड हा निळा पक्षी दिसला, तर त्याचीही नोंद होई.

अशी शेकडो वनस्पतींची माहिती जमली. मग थोरो मोठ्या कागदांवर तक्ते आखू लागले. एका बाजूला फुलांची, पक्ष्यांची नावे आणि समोर एकेका वर्षाची तारीख. आपल्या गावाचे संपूर्ण वर्ष त्यांना असे मांडायचे होते. डिसेंबर १८६० मध्ये कापलेल्या झाडांच्या बुंध्यांवरील वर्तुळे मोजताना त्यांना थंडी बाधली. आधीचा क्षय बळावला. ६ मे १८६२ रोजी, ऐन वसंतात, वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. तक्त्यांचे काम अपुरे राहिले.

ते कागद मात्र जपले गेले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी बोस्टन विद्यापीठातील शास्त्रज्ञ रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांचे सहकारी त्या तारखा हाती घेऊन काँकर्डच्या त्याच रानांत आणि दलदलींत फिरू लागले. पृथ्वीचे तापमान वाढते आहे. त्याचा फुलांवर काय परिणाम होतो हे त्यांना पाहायचे होते. पूर्वीच्या तारखा शेकडो फुलांच्या आणि एकाच गावच्या! असा खजिना सहसा मिळत नाही. तेथील फुले आता थोरोंच्या काळापेक्षा सरासरी आठवड्याहून अधिक दिवस आधी उमलतात, असे त्यांना आढळले. थोरोंनी पाहिलेल्या वनस्पतींपैकी सुमारे एक चतुर्थांश तर कितीही शोधून सापडल्या नाहीत. काँकर्डमध्ये त्या केव्हा फुलत असत, हे आता त्या जुन्या कागदांवरूनच कळते.