भोपाळच्या शहाजहान बेगम

भोपाळ म्हटले की आपल्याला पहिला बाजीराव आठवतो. १७३७ च्या डिसेंबरात त्याने निजामाला याच शहराच्या कोटात कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे तह करावयास लावले. पुढे १८१२-१३ मध्ये नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांनी भोपाळला वेढा दिला, तेव्हा वजीर मुहम्मद खान याने ते नेटाने राखले. आज ज्या राज्यकर्तीची ओळख करून घ्यावयाची आहे ती याच वजीर मुहम्मदाची पणती. मात्र तिची कीर्ती रणांगणावरची नाही. तिने मशिदी बांधल्या, तलाव बांधले, ग्रंथ लिहिले, आणि माळव्याच्या उन्हाळ्यात स्वतःच्या वाड्यात श्रावणाचा पाऊस पाडला.

शहाजहान बेगम हिचा जन्म २९ जुलै १८३८ रोजी भोपाळपासून काही कोसांवर असलेल्या इस्लामनगर येथे झाला. भोपाळ संस्थानाचा संस्थापक दोस्त मुहम्मद खान याची ही जुनी राजधानी. येथील चमन महालात कारंजी आहेत, पाण्याचे पाट आहेत आणि एक हम्मामही आहे. हम्माम म्हणजे नुसते न्हाणीघर नव्हे. भिंतीपलीकडे भट्टी पेटवायची, तिच्यावर पाणी तापवायचे आणि भट्टीची ऊब भिंतींतून व फरशीखालून खेळवायची, अशी ती रचना असे. माघातली थंडी ज्यांनी भोपाळात सोसली आहे त्यांना तिचे मोल सांगावयास नको. थंडीसाठी हम्माम आणि उन्हासाठी पाट-कारंजी, अशा दोन्ही सोयींच्या घरात या मुलीने डोळे उघडले.

सहा वर्षांची असताना, १८४४ मध्ये, तिचे वडील जहांगीर मुहम्मद खान वारले. गादीवर नाव तिचे लागले, कारभार मात्र आई सिकंदर बेगम हिच्या हाती आला. ही आई विलक्षण करारी होती. ती पडदा पाळीत नसे, घोड्यावर बसून मुलूख फिरे, हिशेब स्वतः तपासे. १८५७ च्या उठावात ती इंग्रजांच्या बाजूने राहिली. त्यानंतर तिलाच राज्यकर्ती म्हणून मान्यता मिळावी म्हणून मुलीने आपला गादीवरचा हक्क आपण होऊन बाजूला ठेवला. वय अवघे एकवीस-बावीस! हाती आलेली सत्ता आईच्या स्वाधीन करणारे वारस इतिहासात फारसे आढळत नाहीत. पुढे या आईच्या मुलीचे स्वतःच्या मुलीशी काय झाले ते वाचताना ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

तिचा विवाह १८५५ मध्ये बाकी मुहम्मद खान यांच्याशी झाला. १८५८ मध्ये सुलतान जहान ही कन्या झाली. धाकटी सुलेमान जहान पाच वर्षांची होऊन १८६५ मध्ये गेली, १८६७ मध्ये पती वारले आणि ऑक्टोबर १८६८ मध्ये आईही गेली. अशा रीतीने तीन वर्षांत घर रिते झाल्यावर वयाच्या तिसाव्या वर्षी शहाजहान बेगम पुन्हा गादीवर आल्या.

१८७१ मध्ये बेगमसाहेबांनी सिद्दीक हसन खान या विद्वान गृहस्थांशी दुसरा विवाह केला. दरबारातील अनेकांना तो रुचला नाही. या विवाहानंतर बेगमसाहेब पडद्यात गेल्या. आईने जो पडदा झुगारून दिला होता तो मुलीने स्वीकारला. राज्यकारभार त्यांनी सोडला नाही, पण तो आता पडद्याआडून चाले. म्हणजे राज्यकर्तीचे घर, कचेरी आणि बाग सारे एकाच कोटाच्या आत आले. ज्या स्त्रीला मोकळ्यावर फिरणे नाही, तिचे घर उन्हाळ्यात तापले तर तिने कोठे जावे? ताज महालाकडे नुसता श्रीमंती थाट म्हणून पाहणाऱ्यांच्या ध्यानात हा प्रश्न येत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

जुने राजवाडे मोठ्या तलावाच्या काठी होते. बेगमसाहेबांच्या आजी कुदसिया बेगम यांचा गोहर महाल अगदी पाण्याला लागून आहे. हा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने बांधविला असे मानतात. त्याच्यावरून येणारा वारा हाच त्या वाड्यांचा पंखा होता. बेगमसाहेबांनी हे काठावरचे घर सोडून शहराच्या उत्तरेस शहाजहानाबाद नावाचा नवा भाग वसविला आणि तेथे १८७१ पासून नवा वाडा बांधावयास घेतला. तो पुरा व्हावयास १८८४ साल उजाडले. आग्र्याचा ताज महाल ही कबर आहे, हा भोपाळचा ताज महाल मात्र राहते घर होते. आरंभी त्याचे नाव राज महाल असे होते, ते पुढे बदलले.

मोठा तलाव सोडला म्हणजे वारा सुटला. मग त्याची भरपाई कशी केली? टेकडीच्या उतारावर एकाखाली एक असे तीन तलाव साधण्यात आले. वरच्यातले जास्तीचे पाणी मधल्यात आणि मधल्यातले खालच्यात उतरावे अशी ती योजना होती. त्यांपैकी मोतिया तलाव आजही भोपाळकरांच्या परिचयाचा आहे. बेनझीर हा दुसरा वाडा या तलावाकडे तोंड करून उभा राहिला. ताज महालाला जाड भिंती, उंच छते, आतले प्रशस्त चौक आणि सव्वाशेच्या आसपास दालने. जाड भिंतीला तापावयास दिवस लागतो आणि निवावयास रात्र लागते, त्यामुळे दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत बाहेर चांदणे पडलेले असते.

या वाड्याच्या आतल्या चौकात बागेबरोबर एक मंडप बांधला गेला. त्याचे नाव सावन-भादों, म्हणजे आपले श्रावण-भाद्रपद. (उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. बहुधा ज्येष्ठात होरपळलेल्या लोकांना तेवढीही वाट पाहवत नसावी!) मंडपाभोवती कारंजी उडत, पाणी धारांनी खाली येई आणि आत बसलेल्यांना भर उन्हाळ्यात पावसात बसल्याचा भास होई. ही कल्पना नवी नव्हती. दिल्लीच्या लाल किल्ल्यातील हयातबख्श बागेत सावन आणि भादों अशी दोन मंडपे समोरासमोर आहेत. भरतपूरजवळच्या डीग येथे जाट राजांनी तर कारंज्यांच्या जोडीला मेघगर्जनेचा आवाज काढण्याची युक्ती केली होती.

वीज नाही, पंप नाही, मग कारंजे उडते कसे, असे बालवाचक विचारतील. पाणी उंचावर साठविले की ते नळातून खाली येताना त्याच्या अंगी जोर येतो आणि तोटी बारीक असली की ते उसळते. डीगला यासाठी बैलांच्या मोटेने गच्चीवरचा हौद भरीत असत.

धारांनी हवा गार होते ती पाणी गार असते म्हणून, असा एक सर्वसाधारण समज आहे. खरे कारण निराळे आहे. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते. तीस-पस्तीस अंशांच्या हवेत एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० कॅलरी उष्णता भोवतालच्या हवेतून घेते. पाणी एका हौदात संथ पडले असेल तर वाफ थोडी होते. तेच थेंबाथेंबांत फोडले की हवेचा स्पर्श शतपट वाढतो आणि हवा झपाट्याने निवते. मातीच्या माठाचे रहस्य हेच, आणि दाराला ओला वाळ्याचा पडदा लावतात त्याचेही हेच. मात्र हवा कोरडी पाहिजे. वैशाखात भोपाळचा पारा चाळिसाच्या वर जातो तेव्हा तेथील हवा अगदी शुष्क असते, म्हणून तेथे ही युक्ती लागू पडते. मुंबईला असा मंडप बांधला असता तर बेगमसाहेबांना नुसते भिजण्याचे सुख मिळाले असते! आणि भोपाळातही खरा पाऊस सुरू झाला की हा मंडप निरुपयोगी होई. दमट हवा आणखी वाफ घेत नाही.

वाडा पुरा झाल्यावर मोठा उत्सव झाला. परंतु बेगमसाहेबांचा काळ एवढ्यावरच मोजणे अन्यायाचे होईल. त्यांनी स्त्रियांसाठी तहज़ीब-उन-निसवाँ नावाचा उर्दू ग्रंथ लिहिला, त्यात घर, आरोग्य आणि संगोपन यांची माहिती आहे. त्या कविताही करीत. भोपाळहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गाला भोपाळच्या तिजोरीतून मोठे साह्य झाले. तिकिटे जमविणाऱ्या विद्यार्थ्यांनी भोपाळची जुनी टपाल तिकिटे अवश्य पाहावीत, त्यांवर बेगमसाहेबांचे नाव आहे, आणि कित्येकांवर ते चुकीच्या इंग्रजी अक्षरांत आहे. स्त्रियांसाठी त्यांनी इस्पितळ काढले. इंग्लंडमध्ये वोकिंग येथे १८८९ मध्ये उभी राहिलेली मशीद त्यांच्याच देणगीतून झाली आणि त्यांचेच नाव मिरवते. शहाजहानाबादेत ताज-उल-मसाजिद ही प्रचंड मशीद त्यांनी आरंभिली, पण हयातीत ती पुरी झाली नाही. १९७१ मध्ये काम पुन्हा हाती घेतल्यानंतर १९८५ च्या सुमारास ते तडीस गेले.

इतके बांधकाम पैशावाचून होत नाही. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळाने मध्य हिंदुस्थान होरपळून निघाला. १९०१ च्या शिरगणतीत भोपाळ संस्थानाची वस्ती दहा वर्षांपूर्वीच्या मानाने फार घटलेली आढळली. वाडा दुष्काळाच्या पंधरा वर्षे आधी पुरा झाला होता, तेव्हा एकाचा दोष सरळ दुसऱ्यावर टाकता येत नाही. तरीही कारंज्यांसाठी पाणी साठविणाऱ्या राज्यात रयतेच्या विहिरी किती होत्या, हा प्रश्न मनात उभा राहतोच.

घरातली गोष्ट याहून दुःखाची आहे. सिद्दीक हसन खान यांच्यावर इंग्रज सरकारची वक्रदृष्टी झाली आणि १८८५ मध्ये त्यांच्या पदव्या काढून घेण्यात आल्या. बेगमसाहेबांनी पतीची बाजू सोडली नाही. कन्या सुलतान जहान हिचे सावत्र वडिलांशी मुळीच जमले नव्हते, आणि आई व मुलगी यांच्यातील तेढ वाढत गेली. सुलतान जहानची थोरली मुलगी बिल्किस आजीजवळ वाढली होती. आजीचा तिच्यावर अतोनात जीव. ती लहान वयातच वारली आणि दोन घरांना जोडणारा अखेरचा दुवा तुटला. त्यानंतर सुमारे तेरा वर्षे, एकाच शहरात राहून, आई आणि मुलगी यांनी एकमेकींशी संबंध ठेवला नाही. १८९० मध्ये सिद्दीक हसन वारले तरी अबोला सुटला नाही. ज्या घरात वैशाखालाही आत शिरू दिले नव्हते, तेथे ताज महालाचा विस्तीर्ण चौक बेगमसाहेब आता एकट्याच पाहत असत.

अखेरीस त्यांना तोंडाचा कर्करोग झाला. मुलगी भेटीस आली, परंतु मनाची गाठ सुटली नाही. १६ जून १९०१ रोजी बेगमसाहेब निवर्तल्या. माळव्यात तो पावसाच्या तोंडावरचा काळ असतो, मृगाचे ढग दिसतात, पण पाऊस पुरता लागलेला नसतो.

गादीवर आलेल्या सुलतान जहान बेगम यांनी ताज महालात बिऱ्हाड केले नाही. शहराबाहेर टेकडीवर अहमदाबाद नावाची नवी वस्ती करून तेथे त्यांनी आपला निराळा वाडा बांधला. आईचे घर रिकामे पडले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना त्याच्या दालनांत आसरा मिळाला, बेगमांच्या निजण्याच्या खोल्यांत चुली पेटल्या. ती माणसे दुसरीकडे गेल्यावर वाडा ढासळू लागला, आणि पुढे सरकारने त्याला संरक्षित स्मारक ठरविले. शहाजहानाबादेच्या गल्ल्यांतून आज वैशाखात फिरावे, तर खिडक्याखिडक्यांना लावलेले कूलर घरघरताना ऐकू येतात. त्यांच्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा बेगमसाहेबांच्या मंडपातल्या हवेसारखीच वाफेने गार झालेली असते, फक्त पाणी चढविण्याचे काम आता बोटभर विजेचा पंप करतो.