अंगठ्याखालचे अधिक चिन्ह

नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय घरांत मे महिन्याच्या सुटीत टीव्हीला जोडलेला ‘व्हिडिओ गेम’ दिवसभर चालू असे. त्याच्या ‘कॅसेटी’ मित्रांमध्ये फिरत. खेळताना डाव्या अंगठ्याखाली अधिक चिन्हाच्या आकाराची कळ असे. ती ज्यांच्या कल्पनेतून साकारली, त्या गुनपेई योकोई या जपानी अभियंत्याचे नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योटो येथे झाला. दोशिशा विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेऊन ते १९६५ मध्ये निन्टेन्डो कंपनीत दाखल झाले. कंपनी तेव्हा ‘हानाफुदा’ हे पारंपरिक पत्ते तयार करीत असे आणि योकोई यांच्याकडे यंत्रांच्या देखभालीचे काम होते. फावल्या वेळात त्यांनी लांबवता येणारा एक कृत्रिम हात तयार केला. अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या तो दृष्टीस पडला आणि त्यांनी त्याचे खेळणे करण्यास फर्मावले. १९६६ मध्ये आलेल्या या ‘अल्ट्रा हँड’ची विक्री दहा लाखांवर गेली. देखभाल करणारा तंत्रज्ञ खेळण्यांचा निर्माता झाला.

जुने, स्वस्त झालेले तंत्रज्ञान घ्यावे आणि त्याचा कोणी न केलेला उपयोग शोधावा, हे योकोई यांचे सूत्र होते. रेल्वेत वेळ घालविण्यासाठी कॅल्क्युलेटरच्या कळा दाबत बसलेला एक नोकरदार त्यांनी पाहिला. त्यातून १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ हा खिशात मावणारा खेळ जन्मला. १९८२ मध्ये याच मालिकेतील ‘डाँकी काँग’साठी त्यांनी दांड्याऐवजी सपाट, चौदिशा कळ योजली. पुढच्याच वर्षी ती निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’ या घरगुती संचावर आली आणि तेथून जगभर पसरली.

१९८९ चा ‘गेम बॉय’ हे या सूत्राचे सर्वात मोठे यश. प्रतिस्पर्ध्यांनी रंगीत पडदे आणले, पण ते संच काही तासांतच बॅटऱ्या संपवीत. योकोई यांच्या चमूचा हिरवट पडद्याचा संच चार सेलवर कितीतरी अधिक काळ चाले. रंगीत आवृत्तीसह त्याची विक्री अकरा कोटींवर गेली.

तेच सूत्र १९९५ मध्ये उलटले. त्रिमितीचा आभास देणाऱ्या ‘व्हर्च्युअल बॉय’साठी स्वस्त म्हणून लाल दिव्यांचा वापर झाला. लाल-काळ्या चित्रांनी डोळे शिणत. वर्षभरातच हा संच गुंडाळावा लागला. १९९६ मध्ये, एकतीस वर्षांच्या सेवेनंतर, योकोई यांनी निन्टेन्डो सोडली.

त्यांनी ‘कोटो’ ही स्वतःची कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी नव्या हातसंचाचे काम हाती घेतले. ते पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील द्रुतगती महामार्गावर एका किरकोळ अपघातानंतर ते मोटारीतून उतरले असता दुसऱ्या वाहनाने त्यांना धडक दिली. ते ५६ वर्षांचे होते.

तो संच ‘वंडरस्वान’ नावाने १९९९ मध्ये बाजारात आला. त्यावरील एका कोड्याच्या खेळाला ‘गुनपे’ हे नाव देऊन सहकाऱ्यांनी योकोई यांचे स्मरण जपले. पिढ्यान् पिढ्या संच बदलले, पडदे बदलले. चौदिशा कळ मात्र या ना त्या रूपात आजही अंगठ्याखाली आहे.